कमरेचा ताईत

हरणाला कोणते पिस्तूल लागते आणि अस्वलाला कोणते, हा प्रश्न अलास्कात किंवा मोंटानात कोणी विचारला तर तो व्यवहाराचा असतो. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये, चिखलोलीत, तोच प्रश्न निघाला की त्यात व्यवहार काही उरत नाही. इथे धरण आहे, औद्योगिक वसाहत आहे, वाढत जाणारे टॉवर आहेत, होऊ घातलेले रेल्वे स्थानक आहे. मलंगगड आणि ताहुलीच्या डोंगरांकडे थोडी भेकरे, थोडी रानडुकरे आणि अधूनमधून बिबट्या. अस्वल नाही. ते पाहायचे तर बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत जावे, मेळघाटात जावे, ताडोबात जावे. तरीही नाक्यावर बोअरची चर्चा रंगते. बत्तीसने डुक्कर आडवे होईल का? मॅग्नम म्हणजे नक्की किती जाड? परवाना कोणाच्या ओळखीने निघतो? ज्याला आयुष्यात अस्वल दिसायचे नाही तो अस्वलाला पुरेल अशा हत्याराची चौकशी करतो, तेव्हा त्याला अस्वलाविषयी काही जाणून घ्यायचे नसते, एवढे उघड आहे. त्याला काय हवे असते, ते तपासून पाहिले पाहिजे.

आधी परदेशातल्या शिकाऱ्याला न्याय देऊ. अमेरिकेत .४४ मॅग्नम हे काडतूस १९५५ मध्ये आले आणि .५०० हे त्याहून कितीतरी दांडगे काडतूस २००३ मध्ये. त्यांचे गिऱ्हाईक फक्त मिरवणारे नव्हते. तिथे शिकारीचा हंगाम ठरलेला असतो, किती जनावरे मारायची तो आकडा ठरलेला असतो, बहुतेक ठिकाणी नवख्याला आधी प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. हरणावर झाडायची गोळी अमुक जाडीपेक्षा किंवा अमुक ताकदीपेक्षा कमी नको, असे नियम अनेक राज्यांत आहेत. कारण सरळ आहे. हलकी गोळी लागलेले हरीण लगेच मरत नाही, ते झाडीत शिरते आणि तासन् तास, कधी दिवसेंदिवस कुजत मरते. मोठ्या बोअरचा आग्रह धरणारा प्रामाणिक शिकारी म्हणतो की मारायचेच असेल तर क्षणात मारावे, तडफडवू नये, आणि पल्ल्याबाहेर असेल तर घोडा ओढू नये. १९३७ पासून तिथे बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या रक्षणासाठी राखून ठेवलेला आहे. या साऱ्या व्यवस्थेला नावे ठेवता येतील, पण तिच्यात जबाबदारीची जाणीव आहे हे नाकारता येत नाही.

आता आपल्याकडची शिकार त्याच मापाने मोजू. रानडुकरासाठी पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवतात. तो जनावराने चावला की जबडा उडतो. उरलेले जनावर रान तुडवीत राहते, खायला तोंड नसते, मरायला वेळ लागतो. तारेचा फास मानेऐवजी पायात अडकला तर मांस कापत हाडापर्यंत जातो. शेताच्या कुंपणात सोडलेली वीज डुक्कर, कुत्रा, गुराखी असा भेद करत नाही. ठासणीच्या बंदुकीत दारू, चिंध्या आणि छर्रे ठोकून रात्री बॅटरीच्या झोतात बार काढतात. त्यात किती जनावरे मेली आणि किती पांगळी होऊन पळाली याचा हिशेब ठेवण्याची पद्धतच नाही. जखमी जनावराचा माग काढून त्याला सोडवणे हे शिकाऱ्याचे पहिले कर्तव्य मानतात, आणि आपल्याकडच्या गप्पांत नेमका तोच भाग कधी ऐकू येत नाही. वाट्यांचा हिशेब मात्र चोख असतो. बार काढणाऱ्याचा किती, हाकाऱ्यांचा किती, देवाचा किती.

देवाचे नाव आले की चर्चा थांबते, असा आपला शिरस्ता आहे. कोकणपट्टीत शिमग्याला हाका घालून शिकार करण्याची चाल अनेक गावांत होती आणि लपूनछपून अजून आहे. पोरेसोरे डबे बडवत रान उठवतात, वाटेवर बंदूकवाले दबा धरून बसतात. विचारले तर उत्तर तयार: वाडवडिलांपासून चालत आले आहे. वाडवडिलांच्या काळी ओल्या मांसाचा तुकडा वर्षात मोजक्या वेळा मिळत असे, रान मोठे होते, माणसे थोडी होती आणि हातात भाला किंवा तीरकमान होती. आज स्टेशनजवळ मटणाचे दुकान रोज उघडते. भाला जाऊन जीप आली, पायपीट जाऊन सर्चलाइट आला, उपास गेला आणि पार्टी आली. चालीतले जे कष्टाचे होते ते सगळे बदलले, चैनीचे तेवढे पवित्र म्हणून शिल्लक ठेवले. ही परंपरा म्हणायची की सोय? आणि ज्या देवाला भेकराचा वाटा लागतो असे सांगतात, त्याने तो मागितल्याचे कोणी ऐकले आहे?

कायद्याचे म्हणाल तर तो फार जुना नाही, पण संदिग्धही नाही. मुंबई राज्याने वन्य प्राणी व पक्षी संरक्षणाचा स्वतःचा कायदा १९५१ मध्ये केला. देशाचा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. सुरुवातीला त्यातही परवाना घेऊन काही जनावरे मारता येत. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. २०२२ च्या दुरुस्तीने दंड वाढले. अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे. ते मारले तर तीन ते सात वर्षे कैद. मारलेले जनावर, त्याचे कातडे, नख, शिंग ही सरकारची मालमत्ता ठरते, म्हणजे दिवाणखान्यातले आजोबांचे सांबरशिंगही नोंद नसेल तर अडचणीचे आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूने जनावर मारले गेले तर गुन्हा नाही, मात्र त्या वेळी तुम्ही स्वतःच कायदा मोडत रानात शिरला असाल तर ते संरक्षण मिळत नाही. हत्यारांच्या बाजूने पाहिले तर १९५९ च्या शस्त्र कायद्याने शिकारीचे पिस्तूल अशी कल्पनाच धरलेली नाही. नागरिकाला परवान्यावर सहसा मिळते ते .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. लष्करी दारूगोळा चालणारे मोठे बोअर प्रतिबंधित आहेत. पीक राखण्यासाठी म्हणून कायदा ज्या हत्याराचे नाव घेतो ती ठासणीची बंदूक आहे. तेव्हा हरणासाठी किंवा अस्वलासाठी पिस्तूल निवडणारा मराठी माणूस बाजारात नसलेली वस्तू, परवानगी नसलेल्या कामासाठी, नसलेल्या जनावरावर वापरायला निघालेला असतो.

कायदा आहे म्हणून गप्प बसा, असे मी म्हणणार नाही. सतीला एके काळी कायद्याची आडकाठी नव्हती आणि अस्पृश्यतेला तर रूढीचे पूर्ण पाठबळ होते. कायदा चुकू शकतो. या कायद्यावर आक्षेप घेणारे कोणी ऐरेगैरे नाहीत. माधव गाडगीळ यांच्यासारख्या परिसरशास्त्रज्ञाने आयुष्याच्या उत्तरार्धात सातत्याने मांडले की १९७२ चा कायदा शेतकऱ्यावर अन्याय करतो, रानडुकरांनी उभे पीक झोपवले तरी त्याला हात बांधून बसावे लागते, आणि स्वीडनसारख्या देशांत नियंत्रित शिकार चालते तशी ती इथे स्थानिक लोकांच्या हाती का नसावी. हा आक्षेप गंभीर आहे. ज्याने रात्र रात्र मचाणावर जागून भात राखला नाही त्याने तो हसण्यावारी नेऊ नये. मला स्वतःला त्यातला बराच भाग पटतो. नीलगाय आणि रानडुक्कर यांच्याबाबत वनाधिकाऱ्याच्या परवानगीची तरतूद राज्यात आहे, पण अर्ज, पंचनामा आणि परवानगी यांच्या फेऱ्यात हंगाम निघून जातो ही शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही.

पण गाडगीळांचे बोट धरून कोण कोण आत शिरू पाहते ते बघा. पीक वाचवणे हे गावाचे काम आहे. ते ग्रामसभेत ठरेल, उघड्यावर होईल, किती जनावरे आणि कोणती याचा हिशेब लिहिला जाईल. त्या कामाला लांब नळीची बंदूक लागते, सराव लागतो आणि जखमी जनावरामागे जाण्याची तयारी लागते. शनिवारी रात्री फार्महाउसवर गाड्या लावून, कमरेला पिस्तूल खोचून, बारवीच्या रानात बॅटऱ्या मारणाऱ्या टोळक्याचा या युक्तिवादावर काय हक्क? त्यांच्यातल्या कोणाचे पीक डुकराने खाल्ले? शेतकऱ्याच्या दुःखाची ढाल करून आपली हौस पुढे रेटणे हा खोटेपणा आहे, आणि तो शेतकऱ्याच्याच मुळावर येतो. अशी एक टोळी पकडली गेली की खऱ्या गरजवंताचा अर्जही संशयाने पाहिला जातो.

दुसरा आक्षेप जिवाच्या भीतीचा. विदर्भात मोहफुले वेचणाऱ्या बायामाणसांवर अस्वल धावून जाते, चेहरा फाडते, हे खरे आहे आणि भयंकर आहे. पण ते कसे घडते हे पाहिल्याशिवाय उपाय कसा सुचणार? आपले अस्वल वाळवी, मुंग्या, मध, बोरे, जांभळे आणि मोहफुले यांवर जगते. माणूस त्याचे खाद्य नाही. त्याची नजर अधू असते. पहाटेच्या अंधुकात, वाऱ्याची दिशा उलटी असताना, मोहाखाली माणूस आणि अस्वल एकमेकांना अचानक सामोरे येतात आणि घाबरलेले अस्वल आधी हल्ला करते. हे अंतर पुष्कळदा दहा मीटरसुद्धा नसते. अस्वल ताशी तीस किलोमीटरने धावले असे धरले तर दहा मीटर पार करायला त्याला सव्वा सेकंद लागतो. सव्वा सेकंदात कमरेचे बटण उघडून, पिस्तूल काढून, नेम धरून, हलत्या डोक्यावर गोळी मारणारा नेमबाज आपल्या नाक्यावर तरी मला दिसलेला नाही. अलास्कातील अशा चकमकींचा अभ्यास टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. मिरचीच्या फवाऱ्याने दहापैकी नऊ प्रसंगांत अस्वल थांबले, असे २००८ च्या त्यांच्या लेखात दिसते. २०१२ च्या लेखातला निष्कर्ष आणखी बोलका आहे: ज्यांनी बंदूक चालवली आणि ज्यांच्याजवळ ती असूनही चालवली नाही, त्यांच्या बरेवाईट होण्यात फरक आढळला नाही. ही अस्वलांच्या मुलखातली, बंदूक वापरण्याची सवय असलेल्या लोकांची गोष्ट आहे. मोहफुले वेचणाऱ्या बाईला टोळीने जाणे, बोलत-आवाज करत जाणे आणि उजाडल्यावर जाणे यांनी जे मिळते ते .५०० च्या काडतुसाने मिळणार नाही.

आपल्याकडे अस्वलाच्या जागी बिबट्या घाला. तो संकुलाच्या भिंतीवर दिसला की पिस्तूलवाल्याच्या छातीचे माप वाढते. चारशे बिऱ्हाडांच्या वस्तीत रात्री चुकलेली गोळी कोणाच्या खिडकीत शिरेल, हे तो सांगू शकेल काय? कचरा उघड्यावर पडतो म्हणून कुत्री जमतात, कुत्री जमतात म्हणून बिबट्या येतो. कचराकुंडीला झाकण बसवण्यात मात्र मर्दुमकी नाही.

एवढे सगळे वजा केल्यावर त्या पिस्तुलाचे काम काय उरते? जुन्या माणसांना आठवेल, दरवेशी अस्वल घेऊन गल्लीत यायचा. खेळ झाला की आया पोरांना पुढे करायच्या, दरवेशी अस्वलाच्या अंगावरचा एक केस उपटून द्यायचा, आणि तो ताईतात घालून पोराच्या गळ्यात बांधला की पोर दचकत नाही अशी समजूत होती. नाकातून वेसण घातलेल्या, दात आणि नखे काढलेल्या, अन्नासाठी नाचणाऱ्या त्या बिचाऱ्या जनावराच्या केसातून धैर्य पोराच्या अंगात उतरणार होते! शिकलेला माणूस आज त्या आयांना हसतो. आणि तोच माणूस खंडेनवमीला रिव्हॉल्व्हर पाटावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो, फोटो काढून सगळ्यांना पाठवतो. गळ्यातला ताईत कमरेला आला, एवढाच फरक. भीती तीच आहे, आणि बाहेरची वस्तू अंगाला बांधली की आतली भीती जाते ही समजूतही तीच आहे. त्या आयांचा ताईत निदान कोणाचा जीव घेत नव्हता.

हा नव्या ताईताचा महिमा आपल्या पंचक्रोशीने पाहिला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये अंबरनाथ परिसरात बैलगाडा शर्यतीच्या वादातून गोळ्या झाडल्या गेल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या हिल लाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, गोळीबार झाला आणि त्या प्रकरणी तत्कालीन आमदाराला अटक झाली. हळदीला आणि वाढदिवसाला हवेत बार काढण्याची हौस इतकी पसरली की शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत संसदेला तिच्यासाठी दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद करावी लागली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना पिस्तुलाने मारले. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या. महाराष्ट्रात पिस्तुलाने ज्यांची शिकार होते ती माणसे आहेत. रानातल्या जनावराचा विषय हा त्या हत्याराला घरात आणण्याचा सभ्य बहाणा आहे.

आता आपल्यासारख्यांच्या दांभिकपणाकडे वळतो. कातकऱ्याच्या पोराने गलोलीने ससा पाडला तर वनखाते त्याला लगेच ओळखते. ऑक्टोबर १९९८ मध्ये राजस्थानातल्या कांकाणी गावाजवळ काळवीट मारल्याचा खटला मुंबईच्या एका आघाडीच्या नटावर चालला. शिक्षा ५ एप्रिल २०१८ ला सुनावली गेली, पाच वर्षांची, आणि दोन दिवसांत जामीन झाला. साडेएकोणीस वर्षे खालच्या न्यायालयातच गेली. काळविटाची बाजू लावून धरली ती बिष्णोई गावकऱ्यांनी. कोणी म्हणेल, तुम्ही कोंबडी खाता ना, मग भेकराचाच एवढा कळवळा का? प्रश्न रास्त आहे. मी मांसाहाराविरुद्ध लिहीत नाही. पण कोंबडीवाला तिला मारण्याला पराक्रम म्हणत नाही, तिच्या मुंडक्यासोबत फोटो काढत नाही, आणि ताहुलीच्या डोंगरातली शेवटची कोंबडी मारली जाईल अशी भीती नाही. कोणी असेही म्हणेल की भेकरांना बंदुकीपेक्षा पोकलेनने जास्त मारले, आणि तुम्ही राहता ती इमारतही त्यांच्याच रानात उभी आहे. हेही खरे. त्याचे उत्तर डोंगर फोडण्याला विरोध करणे हे आहे. उरलेल्या भेकरांवर बार काढणे हे त्याचे उत्तर कसे होईल?

सालिम अलींनी मुंबईत लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती, हे विचारायला तो मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. पुढे अभ्यासासाठी त्यांनी पक्षी मारलेही, त्यामुळे त्यांना संत करण्याचे कारण नाही. पण गोळी झाडल्यावर त्यांना प्रश्न पडला होता. आपल्या नाक्यावरच्या शिकाऱ्याला किती बोअर, एवढा एकच प्रश्न पडतो, तोही गोळी झाडण्याआधी.

तेव्हा वाचकहो, एवढे करा. खंडेनवमीला घरातल्या पिस्तुलाची पूजा होत असेल तर पुजणाऱ्याला विचारा की हे कोणत्या भीतीसाठी आणले आहे. ती भीती खरी असेल तर पोलिसांत तक्रार करा, खोटी असेल तर परवाना परत करा. पिस्तूलवाल्याला गावचा पुढारी म्हणून हार घालणे बंद करा. आणि शिमग्याला कोणी पानात गुंडाळून भेकराचा वाटा दारात आणला तर तो घेऊ नका. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे. तो फिरवा.